डावं टोक

जानेवारी संपत आला की माझं उजवं मनगट दुखायला लागतं, हे आता बायकोलाही पाठ झालं आहे. ती काही विचारत नाही. वाटीत कोमट तेल आणून समोर ठेवते आणि आपल्या कामाला लागते. बारावीच्या गणिताची जर्नलं तपासायचे ते दिवस असतात. साठाच्या वर जर्नलं, प्रत्येकात वीस प्रात्यक्षिकं, प्रत्येकाखाली माझी सही आणि तारीख. एकूण सह्या किती होतात, तो गुणाकार मी करत नाही. गणिताच्या मास्तरालाही काही गुणाकार नको वाटतात.

मी मूळचा देऊळघाटचा. नोकरीनिमित्त मेहकरला भाड्यानं राहतो आणि तालुक्यातल्या एका मोठ्या गावच्या ज्युनिअर कॉलेजात जाऊन-येऊन गणित शिकवतो. अठ्ठावीस वर्षं झाली, दोन उरली. पूर्वी गणिताला आम्ही दोघं होतो. दुसरे सर निवृत्त झाले आणि त्यांची जागा काही भरली गेली नाही. त्यामुळे अकरावी मी, बारावी मी, परीक्षेचं वेळापत्रक मी, आणि मतदार याद्या आल्या की घरोघरी फिरणाराही मीच. कंटाळा आला असं म्हणण्याचाही मला कंटाळा आला आहे.

जर्नल तपासणं म्हणजे काय, ते बाहेरच्या माणसाला सांगायला हवं. आमच्याकडे मुलं जर्नल लिहीत नाहीत, उतरवतात. आधीच्या वर्षीचं, सही झालेलं जर्नल घराघरात जपून ठेवलेलं असतं. लग्नासाठी शेजारची मोठी पातेली मागून नेतात तसं ते पुढच्या वर्षीची मुलं मागून नेतात. अक्षर वेगळं, वहीचं कव्हर वेगळं, आत सगळं तेच. हे मला माहीत असतं. मला माहीत आहे हे मुलांनाही माहीत असतं. तरी दरवर्षी मी गंभीर चेहरा करून लाल पेन उघडतो.

त्यातलं सातवं प्रात्यक्षिक म्हणजे बहुपदीचा आलेख. एकेकाळी यावर माझा फार जीव होता. दहावीतून मुलं एक सवय घेऊन येतात. तक्ता करायचा, दहा-वीस बिंदू मांडायचे आणि पट्टीनं जोडून टाकायचे. मी म्हणायचो, बिंदूंच्या मागे धावू नका, दोनच गोष्टी विचारा. एक, आलेख आडव्या अक्षाला कुठे भेटतो, म्हणजे बहुपदीची शून्यं कोणती. दुसरी, डावीकडचं आणि उजवीकडचं टोक शेवटी जातं कुठे. खूप लांब गेलात की बाकीची पदं मागे पडतात, सगळ्यात मोठ्या घाताचं पद तेवढं बोलतं. तो घात सम असेल तर दोन्ही टोकं एकाच बाजूला जातात. विषम असेल तर एक वर आणि एक खाली. शून्याजवळ काय होतं ते सांगायला मी एसटीचं उदाहरण द्यायचो. कंस एकदाच आला असेल तर गाडी गावातून आरपार जाते. कंसाचा वर्ग असेल तर गाडी फाट्याला टेकते आणि आल्या पावली परत वळते. मुलं हसायची, कारण निम्म्यांच्या गावची गाडी खरोखरच फाट्यावरून वळायची.

गेल्या जानेवारीत अशाच एका दुपारी स्टाफरूममध्ये बसून मी सातवं प्रात्यक्षिक तपासत होतो. बहुपदी होती (x + 1)(x − 2)². सगळ्यांच्या जर्नलात तिचा आलेख एकसारखा. दोन्ही टोकं वर गेलेली, खाली दोन खळगे, एक उणे एकवर टेकलेला आणि एक दोनवर टेकलेला, मधे उंचवटा. मी शून्यं बघायचो, उंचवट्याजवळ उभा अक्ष चारवर छेदतो का ते बघायचो, आणि सही करायचो. खरं सांगायचं तर तेवढंही बघत नव्हतो. चाळीस जर्नलं झाली की डोळा आकडे वाचत नाही, नुसता आकार वाचतो.

तेवढ्यात एक जर्नल आलं ज्यात आकार वेगळा होता. डावं टोक खालून वर येत होतं, उणे एकवर अक्ष कापत होतं, चढून उतरत होतं, दोनवर टेकत होतं आणि पुन्हा वर जात होतं. मी ‘डावं टोक चूक, पुन्हा काढा’ असं लाल अक्षरात लिहिलं आणि पुढचं जर्नल ओढलं.

जर्नल ज्या मुलीचं होतं ती दुसऱ्या दिवशी स्टाफरूमच्या दारात आली. डोणगावकडच्या एका खेड्यातून येणारी, तिसऱ्या बाकावर बसणारी, विचारल्याशिवाय न बोलणारी. आत येऊ का म्हणून तिनं दोनदा विचारलं.

“सर, हे डावं टोक खालीच जाते न. मी उणे दोन टाकून पाह्यलं.”

“बाकी साठ जनायचं वर जाते, तुह्यं एकटीचंच खाली काऊन जाते?”

“तुम्ही टाकून पाहा न सर एकडाव.”

मी घड्याळाकडे पाहिलं. माझ्यासमोर वीस-पंचवीस जर्नलं उरली होती. “बाई, मले चारची गाडी आहे. दुसऱ्यायचं पाहून तसं काढ अन् उद्या घेऊन ये.”

“बरं सर,” ती म्हणाली आणि गेली. दुसऱ्या दिवशी जर्नल आणलं, त्यात दोन्ही टोकं वर. खोडलेल्या जागी कागद पातळ झाला होता, सही करताना तो बोटाला जाणवला. मी सही केली, तारीख टाकली. तिला प्रात्यक्षिकाचे पूर्ण गुण दिले आणि विसरून गेलो.

मे महिन्यात कॉलेजात साफसफाई निघाली. गणिताच्या कपाटात वर्षानुवर्षं न नेलेली जर्नलं पडून होती. शिपाई ती सुतळीनं बांधत होता आणि मी शेजारी खुर्चीवर बसून, मदत करतो आहे असं दाखवत, एकेक चाळत होतो. त्यात एक खूप जुनं निघालं. अक्षर कोणाचं होतं ते आठवलं नाही, पण मजकूर मी फळ्यावर लिहून दिलेला होता, ते माझ्या वाक्यांवरून कळलं. सातव्या प्रात्यक्षिकात लिहिलं होतं, (x + 1)²(x − 2)².

दोन्ही कंसांवर वर्ग होता. म्हणजे घात चार, सम. दोन्ही टोकं वर, दोन्ही शून्यांवर टेकून परत. चित्र अगदी बरोबर.

मी दुसरं जर्नल काढलं, मग तिसरं. शिपाई म्हणाला, “सर, तुम्ही तं बांधेल गठ्ठा सोडून राह्यले.” मी त्याला गप्प बसवलं. कुठल्या तरी वर्षी कोणाच्या तरी हातून उतरवताना पहिल्या कंसावरचा तो छोटा दोन सुटला होता. चित्र मात्र जुनंच उतरलं. त्यानंतरच्या प्रत्येक जर्नलात बहुपदी तीन घाताची आणि चित्र चार घाताचं. शून्यं दोन्हींची तीच. उभ्या अक्षावरचा चारही तोच. वरवर पाहणाऱ्याला फसवायला एवढं पुरेसं होतं, आणि वरवर पाहणारा मी होतो. त्या चुकीच्या चित्राखाली वर्षानुवर्षं माझ्या सह्या होत्या, तारखेसकट.

मी गठ्ठ्यावरच पेनानं उणे दोन टाकून पाहिलं. पहिला कंस उणे एक. दुसऱ्या कंसाचा वर्ग सोळा. उत्तर उणे सोळा. टोक खाली. एवढंच करून बघा म्हणून ती मुलगी दारात उभी राहिली होती. अर्ध्या मिनिटाचं काम होतं. मला लाज वाटली, आणि लाजेपेक्षाही जास्त थकवा आला, की आता याचंही काहीतरी करावं लागणार.

ऑफिसात जाऊन मी क्लार्कला तिच्याबद्दल विचारलं. तो रजिस्टरमधून मान वर न काढता म्हणाला, “ते पोरगी? टीसी घेऊन गेली न सर परवा. बी.ए. करते म्हने.”

घरी येऊन मी जेवलो नाही. बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “मार्क तं पुरे देले न तुम्ही तिले. आता सांगून काय होते?”

मार्कांचा प्रश्नच नव्हता. वर्गात कोणी स्वतःच्या डोक्यानं काही करून पाहतं, असं वर्षात एखाद्याच वेळी होतं. ते करणाऱ्या मुलीला मी साठ चुकीची जर्नलं दाखवून गप्प केलं होतं. तिला वाटलं असणार, आपल्याला गणितातलं काही कळत नाही. म्हणून बी.ए. माझ्या एका लाल ओळीपायी तिनं गणित सोडलं असेल तर उरलेली दोन वर्षं मी कोणत्या तोंडानं फळ्यासमोर उभा राहणार होतो, हे मला कळत नव्हतं. प्रवेशाची मुदत अजून संपली नव्हती. तिला जाऊन सांगायला हवं होतं, आणि लवकर सांगायला हवं होतं.

तरी मी पाच-सहा दिवस काढले. एकदा ऊन फार होतं, एकदा गुडघा दुखत होता, एकदा पाहुणे आले. शेवटी जूनच्या सुरुवातीला, डोक्याला दुपट्टा गुंडाळून, डोणगावला उतरलो आणि तिथून ऑटोनं तिच्या गावी गेलो. ऑटोवाला आणखी दोन सवाऱ्या मिळेपर्यंत हलला नाही. मलाही घाई नव्हती. काय बोलायचं ते मी मनात जुळवत होतो आणि प्रत्येक वेळी पहिलंच वाक्य बिघडत होतं.

पंचशीलाचा झेंडा असलेल्या गल्लीत तिचं घर होतं. तिची आई अंगणवाडीत मदतनीस आहे, ती नुकतीच घरी आली होती. “जय भीम सर,” म्हणत तिनं खुर्ची ओढली. मीही जय भीम केला. कूलर एवढा घरघरत होता की काही ऐकू येईना, म्हणून तिनं तो बंद केला. मग सगळेच घामाघूम होऊन बसलो. मुलगी आतून पाण्याचा ग्लास घेऊन आली आणि मला पाहून घाबरली.

“सर, तुम्ही? माह्या कागदात काही राह्यलं का?”

“कागद नाही,” मी म्हणालो. “ते सातवं प्रॅक्टिकल. तुह्यं डावं टोक बरोबर होतं. माह्यं चुकलं.”

जुळवलेलं बाकी सगळं विसरलो. तिच्या आईनं माझ्याकडे पाहिलं, मग मुलीकडे. मुलगी हळू म्हणाली, “हाव सर. मले माहीत होतं.”

“माहीत होतं म्हंजे?”

“सगळ्यायलेच माहीत आहे सर.” तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. “जर्नल घेतानीच आधीच्या पोरी सांगून ठेवतात. सातव्याले सरले दोन्ही टोकं वरच लागतात. जर्नलात वर काढजो, पेपरात आलं तं खाली काढजो.”

मी ग्लास खाली ठेवला. “कधीपासून?”

“ते नाही माहीत. एक ताई बोलली होती म्हनतात तुमाले. तं तुम्ही तिले पुरं जर्नल दुसऱ्यांदा लिहायले लावलं.”

मला ती ताई आठवत नाही. त्या क्षणीही आठवली नाही, आजही आठवत नाही. वीस प्रात्यक्षिकं मी कोणाला तरी दुसऱ्यांदा लिहायला लावली, ती मुलगी आता कुठेतरी संसार करत असेल, आणि मला तिचा चेहराही आठवू नये, याचं वाईट वाटलं.

“मंग तू काऊन आली होती इचारायले?”

“मले वाटलं एकडाव सांगून पाहू. तुम्ही वर्गात चांगलं समजावून सांगता न सर. मले वाटलं, पाह्यसान.”

एवढं बोलून तिनंच मान खाली घातली, जणू चूक तिची होती. मी बी.ए.चा विषय काढला. माझ्या एका शेऱ्यामुळे गणित सोडू नकोस, अजून वेळ गेलेली नाही, असं काहीतरी बोललो. ती गोंधळली.

“बी.ए. कोन करते सर? मी तं बीएस्सीच करून राह्यली, गणित घेऊन. बुलढान्याले फॉर्म भरला.”

“क्लार्क सांगत होते.”

“ते दुसरीचं असन सर. आमच्या दोघीच्या टीसी संगंच काढल्या.”

मला आनंद झाला. खरंच झाला, छातीवरचं दडपण उतरलं. पण तो फार वेळ टिकला नाही. एवढ्या उन्हात मी जिला सावरायला आलो होतो तिला सावरायची गरजच नव्हती. तिचं गणित शाबूत होतं, सगळ्यांचंच शाबूत होतं. मीच तेवढा त्यांच्या हिशेबातून गेलो होतो. घरातल्या म्हाताऱ्याच्या बोलण्याला हो हो म्हणतात तसं या मुलांनी इतकी वर्षं मला सांभाळून घेतलं होतं, आणि मला वाटत होतं मी शिकवतो आहे.

माझा चेहरा उतरलेला तिला दिसला असावा. “तुम्ही टेंशन नोका घेऊ सर,” ती म्हणाली. “पेपरात कोनाचंच चुकत नाही.” तिची आई म्हणाली, “एवढ्या उनात एवढ्यासाठी आले सर?” त्यात टोमणा नव्हता. तिला माझी कीव आली होती. ती चहा टाकायला आत गेली.

मी मुलीला म्हटलं, तुझं जर्नल आण, त्या पानावर दुरुस्ती करून देतो. निदान तेवढं तरी करावं असं वाटलं. ते घरात नव्हतं. दोन घरं सोडून तिची चुलत बहीण राहते, ती यंदा बारावीला, जर्नल केव्हाच तिच्याकडे गेलं होतं. मुलीनं दारातूनच हाक मारली. अर्धी वेणी घातलेली, हातात दोन जर्नलं घेतलेली ती बहीण आली. वर्गातल्यासारखी उभी राहून ती माझ्याकडे पाहू लागली. सुट्टीतच तिनं उतरवायला सुरुवात केली होती. तिच्या नव्या कोऱ्या जर्नलात सातवं प्रात्यक्षिक पूर्ण झालेलं होतं. दोन्ही टोकं वर, पेन्सिलीनं अगदी सुबक काढलेली.

“या बहुपदीत उणे दोन टाक,” मी म्हणालो.

तिनं तोंडीच केलं. “उणे सोळा सर.”

“मंग डावं टोक कुठं जाईन?”

“खाली सर.” तिनं बहिणीकडे पाहिलं. हे कसलं जाळं आहे, असं त्या पाहण्यात होतं.

मी तिचा खोडरबर घेतला, डावी बाजू आणि मधला उंचवटा पुसला आणि पेन्सिलीनं नीट काढलं. उणे एकवरून आरपार, दोनवर टेकून परत, डावं टोक खाली आणि त्याला बाण. बऱ्याच दिवसांनी मी एखादा आलेख मन लावून काढला. मुलीच्या जुन्या जर्नलातही तेच केलं, आणि तिथला माझा लाल शेरा रेघ मारून खोडला. “यंदापासून असंच काढायचं,” मी बहिणीला सांगितलं. “बाकीच्यायलेही सांग.”

ती जर्नल छातीशी धरून उभी राहिली. चहा आला तरी ती हलली नाही.

“असं काढलं तं सही भेटन न सर?”

“भेटन.”

तिनं पुन्हा बहिणीकडे पाहिलं. मग तिनं जर्नल माझ्यासमोर उघडून धरलं आणि पेन पुढे केला.

“मंग आताच करून द्या न सर.”

मी सही केली. तिनं जूनची तारीखही टाकायला लावली, आणि शाई वाळेपर्यंत पान मिटलं नाही.